फर्स्ट क्लासची रेघ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या पदवीला ७.७५ सीजीपीए मिळाला की ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ मिळतो. ७.७४ असेल तर नुसता ‘फर्स्ट क्लास’. ६.७५च्या खाली ‘हायर सेकंड’, ६.२५च्या खाली ‘सेकंड’. ग्रेड येण्याआधी याच विद्यापीठात याच पदवीला डिस्टिंक्शनची रेघ ६६ टक्क्यांवर होती, आणि कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांना ती ७० वर. म्हणजे रेघ शाखेप्रमाणे वेगळी, पद्धत बदलली की तीही सरकणारी. तरी एकदा गुणपत्रकावर छापली गेली की ती माणसाला आयुष्यभर पुरते.

दौंड तालुक्यातल्या खुटबावात एका घरी या रेघेवरून चुलते-पुतणीचा वाद रंगला. चुलते वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. पुतणी संगणक अभियंता, पुण्याच्या एका कंपनीत नव्या मुलांची निवड करायच्या कामात आहे. वादाला कारण तिचा धाकटा भाऊ. तो खुटबाव स्टेशनवरून रोज शटलने पुण्याला बी.एस्सी.ला जातो. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, आणि चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घ्यायची की तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन थांबायचं, याचा हिशेब घरात सुरू झाला.

“हिशेब सोपा आहे,” नाना म्हणाले. “नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी आहे आणि चार वर्षांची ऑनर्सही आहे. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ला सुरू झालं, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ला. चौथं वर्ष कुणीही करावं. पण संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के, म्हणजे ७.५ सीजीपीए लागतो. त्याने अभ्यास करावा आणि मिळवावा.”

“नाना, तुम्ही कागद घ्या, मी आकडे सांगते. सत्राला २२ क्रेडिट धरले तर तीन वर्षांचे १३२. पहिल्या वर्षी त्याला ६.४ मिळाले, दुसऱ्या वर्षी ७.६. आता सरासरी ७.५ला न्यायची तर तिसऱ्या वर्षी किती लागतील?”

नानांनी आकडेमोड केली. उत्तर ८.५ आलं.

“आणि पहिलं वर्ष मोजलंच नाही तर?”

“७.४.”

“म्हणजे आज त्याची जी तयारी आहे, ती पुरेशी आहे. त्याला मागे ओढतंय ते पहिलं वर्ष. दहावी मराठी माध्यमातून केलेला मुलगा, प्रयोगवहीपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत सगळं इंग्रजीत, रोजचा प्रवास. संशोधन तो चौथ्या वर्षी करणार. मग त्या वेळी त्याला काय येतं ते बघायचं, की अठराव्या वर्षी काय येत नव्हतं ते बघायचं?”

इथे पुतणीच्या बाजूला भक्कम आधार आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण पदवीच्या वर्गात धरत नाहीत. ते वर्ष उत्तीर्ण झालं की पुरे, आणि शेवटच्या वर्षाला सर्वांत जास्त वजन असतं. भारतातही काही अभ्यासक्रमांत केवळ शेवटच्या वर्षावर वर्ग ठरायचा. सहाही सत्रं सारख्या मापाने मोजणं हा अनेक पर्यायांपैकी एक आहे, आणि कुणीतरी तो निवडलेला आहे. त्या निवडीचा भार कुणावर पडतो हे मात्र क्वचितच मांडलं जातं. तो खेड्यातून येणाऱ्या, पहिल्या वर्षी चाचपडणाऱ्या मुलांवर पडतो.

नाना मात्र पटकन हलणारे नाहीत. “पहिलं वर्ष मोजायचं नाही म्हटलं तर पहिल्या वर्षी वर्गात कुणी बसणार नाही. मी आयुष्यभर शिकवलंय. वार्षिक परीक्षा होती तेव्हा मुलं फेब्रुवारीत पुस्तक उघडायची. सत्र पद्धत आली, अंतर्गत ३० आणि विद्यापीठाचे ७० असं झालं, तेव्हा कुठे वर्षभर हात चालू लागला. सहाही सत्रं मोजली तर एका वाईट पेपराने माणूस बुडत नाही, हेही बघ. शेवटच्या वर्षावर सगळं ठेवलं आणि त्याच वर्षी घरात कुणी आजारी पडलं, तर?”

“पण रेघेचं काय? ७.४९ आणि ७.५० यांत फरक काय आहे?”

“काही नाही. पण रेघ कुठेतरी मारावीच लागते.”

“उसाला नाही मारत. आपला ऊस कारखान्याला जातो. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला ठरते, पुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की भाव त्या प्रमाणात वाढतो. १०.२४ला एक भाव आणि १०.२५ला दीडपट, असं कुणी केलं असतं तर शेतकऱ्यांनी कारखान्याला कुलूप लावलं असतं. मुलांच्या बाबतीत तेच करतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतो.”

“त्याच एफआरपीत ९.५च्या खाली उतारा गेला तरी भाव आणखी कमी करायचा नाही, असा तळ घातलाय. ती रेघच आहे, आणि ती शेतकऱ्यासाठी आहे. आपल्याकडचीही तशीच एक सांगतो. सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के. नियम लिहिलेला आहे म्हणून गरिबाचं पोर ५५ घेऊन, नेट-सेट होऊन मुलाखतीच्या दारात उभं राहू शकतं. रेघ काढून टाक, मग ‘आमच्या मते हा उमेदवार योग्य वाटत नाही’ एवढं म्हणून त्याला घरी पाठवतील. लेखी नियम नसला की ओळखीपाळखीचं राज्य येतं.”

नानांचं हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. वर्गीकरणाचा इतिहास पुण्याला चांगला ठाऊक आहे. पेशवाईत श्रावणात शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन विद्वत्तेप्रमाणे दक्षिणा मिळायची, पण ती फक्त ब्राह्मणांना. याच दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरच्या त्याच्या परीक्षांनी निदान कागदावर तरी एक गोष्ट केली: उत्तरपत्रिकेला जात विचारली नाही. १८६२ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत बी.ए. झाले, ती चौघांची होती. अनोळखी परीक्षक, छापील प्रश्न, ठरलेले गुण यांतून एक मोठा दरवाजा उघडला, हे मान्य करावंच लागतं.

पुतणीने उत्तरादाखल त्याच दरवाजाने आलेल्या एका मोठ्या माणसाचं नाव घेतलं.

“बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. आज माझ्या कंपनीत अर्ज आला असता तर संगणकाने तो माणसापर्यंत पोचूच दिला नसता. ‘दहावीपासून सलग ६० टक्के’ अशी चाळणी आम्ही लावतो. मी स्वतः लावते, नाना. आणि याच माणसाने पुढे कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. मिळवली.”

“पण तेव्हा काय झालं ते आठव,” नाना म्हणाले. “त्या २८२ गुणांसाठी मुंबईत सत्काराची सभा भरली. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. त्या लोकांनी नुसता आकडा वाचला नाही. कोणत्या घरातून, कोणत्या वर्गात कुठे बसून हे गुण आले, हे त्यांना माहीत होतं.”

“मग तेच तर म्हणतेय मी! आकड्याच्या मागचं वाचणारी माणसं होती. आता तो वाचायला संगणक आहे.”

या ठिकाणी दोघं नकळत एकाच जागी येऊन पोचले. वर्ग देणाऱ्याइतकीच जबाबदारी वर्ग वाचणाऱ्याची असते, आणि वाचणाऱ्याला माहिती पुरवण्याची जबाबदारी देणाऱ्याची. आज ही साखळी तुटलेली आहे, आणि सगळी गडबड इथे आहे.

एक साधं उदाहरण पुतणीनेच दिलं. तिच्यासमोर तीन अर्ज येतात, तिन्हींवर ७.७५. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे ७.७५ म्हणजे ७० टक्के. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत ७.१ने गुणून ११ मिळवायचं सूत्र वापरलं गेलं. त्याने तेच ७.७५ साधारण ६६ टक्के होतात. आणि नियम माहीत नसलेला उमेदवार सरळ १०ने गुणून ७७.५ लिहितो. एकच आकडा, त्याचे तीन अर्थ, आणि तिन्ही मुलं प्रामाणिक.

ग्रेडच्या आत आणखी एक घोळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांची पट्टी सुचवली: ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, असं उतरत ‘पी’ला ४. पण किती गुणांना कोणतं अक्षर द्यायचं, आणि ते ठरलेल्या गुणांवर द्यायचं की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, हे विद्यापीठांवर सोडलं. त्यामुळे जिथे ६० ते ६९ला एकच ग्रेड आहे तिथे सगळ्या विषयांत ६० घेणारी मुलगी आणि सगळ्या विषयांत ६९ घेणारी मुलगी यांचा सीजीपीए तंतोतंत सारखा येतो. गुणांची पद्धत एका गुणाचाही भेद दाखवायची. ग्रेडने नऊ गुणांचा भेद पुसला आणि त्यावर दोन दशांश स्थळांची अचूकता चढवली. नानांना हे हिशेबनीस म्हणून खटकतं. “ज्या आकड्यात मुळात एवढी ढिलाई आहे, त्याच्या दुसऱ्या दशांशावर कुणाचं भवितव्य ठरवू नये,” असं ते स्वतःच म्हणाले, आणि पुतणीने ते लिहून घेतलं.

जुन्या गुणपद्धतीत रेघेची धार बोथट करायची एक सोय होती. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या परीक्षा-नियमांत वरचा वर्ग थोडक्यात हुकत असेल, तर एकूण गुणांच्या एक टक्का किंवा १० गुण, यांतले जे कमी असतील तेवढ्यांपर्यंत ग्रेस देता यायचे. अट एवढीच की विद्यार्थी दुसऱ्या कोणत्याही ग्रेसशिवाय सगळ्या विषयांत उत्तीर्ण झालेला असावा. रेघ मारणाऱ्यांनाच तिच्या दोन्ही बाजूंची धूसर जागा दिसली होती.

“तुमचे जुने लोक जास्त सूक्ष्म भेद करायचे,” पुतणी म्हणाली. “केंब्रिजला तर पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकच लावायचे.”

“आणि त्यातूनच आपल्याला रँग्लर परांजपे मिळाले,” नाना म्हणाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘रँग्लर’ ही परीक्षेतली श्रेणी महाराष्ट्राने त्यांच्या नावाला कायमची जोडली. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १९५६ ते १९५९ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू.

पण त्या कथेचा पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. क्रमांकासाठी मुलं खासगी शिकवण्यांच्या मागे लागली, गणितापेक्षा गणिताच्या परीक्षेची तालीम होऊ लागली, आणि १९०९ नंतर केंब्रिजने गुणानुक्रम जाहीर करणं बंद केलं. वर्ग राहिले. वर्गाच्या आत नावं वर्णानुक्रमे लागू लागली. रेघ ठेवून रेघेच्या आतली शर्यत थांबवायचा तो निर्णय होता, आणि आपल्या विद्यापीठांनी त्याचा अभ्यास करायला हवा.

रेघ ठरवायचे मुळात दोन मार्ग आहेत. एकात गुणांचा उंबरठा ठरतो. तो ओलांडणाऱ्या सगळ्यांना मान मिळतो. दुसऱ्यात वाटा ठरतो. वरचे अमुक टक्केच घ्यायचे. पहिल्यात धोका असा की उंबरठा तोच राहून गुण फुगतात. इंग्लंडमध्ये २०१०-११ साली सुमारे १६ टक्के पदवीधरांना फर्स्ट क्लास मिळत होता, २०२०-२१ मध्ये ३७ टक्क्यांहून अधिक जणांना. हार्वर्डमध्ये २००१ साली ९१ टक्के विद्यार्थी ‘ऑनर्स’सह बाहेर पडले, तेव्हा विद्यापीठाने २००५च्या तुकडीपासून हे प्रमाण ६० टक्क्यांवर बांधून टाकलं. याच हार्वर्डने १९२९ मध्ये गोव्यातल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना ‘सुम्मा कुम लाउडे’ हा सर्वोच्च मान दिला होता. वाटा बांधण्यातही अन्याय आहेच. ज्या वर्षी वर्ग हुशार निघेल त्या वर्षी चांगल्या मुलाला मान नाही. शिवाय मित्राला वही द्यायलाही हात आखडतो.

नानांचा कौल उंबरठ्याला. “निदान मुलाला आधी माहीत असतं की किती मिळवायचे आहेत.” पुतणीही इथे त्यांच्याशी सहमत झाली. पण अंतर्गत गुणांच्या खिरापतीने उंबरठा पोकळ होतो, असं तिने सुनावलं, आणि नानांनी ते नाकारलं नाही.

मग विषय २०२० वर गेला. टाळेबंदीत महाराष्ट्र सरकारचं म्हणणं होतं की अंतिम वर्षाच्या मुलांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यावी. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला: राज्य मुदत वाढवून मागू शकतं, परीक्षेशिवाय पदवी देऊ शकत नाही. पुणे विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेतली.

“त्या वर्षाच्या मुलांच्या पदवीवर वर्ग छापलाय,” पुतणी म्हणाली. “पण तो कशावर मोजला, हे वाचणाऱ्याला कुठून कळणार? काही जण मोबाइलची रेंज शोधत बांधावर बसून पेपर देत होते.”

“तरी परीक्षा झाली हे बरंच झालं. नाहीतर जन्मभर ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवलं असतं त्यांना.”

“हिणवलंच, नाना. परीक्षा देऊनही.”

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शेजारच्या गावाचा विषय काढला. खुटबावच्या पुढचं स्टेशन केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे, आणि १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं तेही तिथेच. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे मान त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिले नव्हते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना समोर बसवून तपासलं आणि मग दिले. “तिथे रेघ नव्हती, पण परीक्षा होती,” नाना म्हणाले. “तुझ्या भावाची तशी परीक्षा व्हावी, असं मला मनापासून वाटतं. दोन प्राध्यापकांनी तासभर बसून विचारावं, तुला काय शोधायचंय? मग ७.५ असो की ७.३. पण लाखो मुलांच्या विद्यापीठाला हे कसं जमायचं?”

“सगळ्यांसाठी नको. रेघेच्या जवळच्यांसाठी करा. ७.२ ते ७.५ मधल्यांची मुलाखत घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे गुण वेगळे बघा. अशी मुलं एका विभागात कितीशी असणार?”

नानांनी मान हलवली. ते म्हणाले, हे करता येईल.

सन्मान देणाऱ्यांनी कसोटीचा अभ्यासाशी संबंध तोडला तर काय होतं, तेही पुणे विद्यापीठाने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेलारमामांच्या नावाच्या सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी असावा, अशी अट असलेलं परिपत्रक गाजलं. ओरड झाली आणि विद्यापीठाने ते पदक मागे घेतलं. अट कित्येक वर्षं नियमांत होती. लोकांच्या वाचनात आली तेव्हाच प्रश्न विचारला गेला. वर्गाच्या नियमांचंही तसंच आहे. अभ्यासमंडळ, विद्यापरिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या बैठकांत ते ठरतात, आणि ज्यांच्यावर लागू होतात त्यांनी ते वाचलेलेच नसतात.

या वादात रेघ राहावी हे नानांचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्या वर्षाचं ओझं संशोधनाच्या पात्रतेवर टाकू नये हे पुतणीचं. आणि दोघांच्याही म्हणण्यातून एक मागणी सरळ निघते: गुणपत्रकावर वर्गाच्या शेजारी त्याचा हिशेब छापावा. कोणती सत्रं मोजली, कोणत्या गुणांना कोणती ग्रेड, आणि त्या वर्षी त्या अभ्यासक्रमात किती टक्के मुलांना कोणता वर्ग मिळाला. युरोपातल्या विद्यापीठांत पदवीसोबत ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ नावाचं पत्रक देतात. त्यात ग्रेडची पट्टी आणि तिचं वाटप सांगायची सोय असते. आपल्या विद्यापीठांकडे ही सगळी माहिती संगणकात आहे. ती छापायला नवा कायदा लागत नाही.

तिसऱ्या वर्षात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्या महाविद्यालयात आताच लेखी विचारावं: चौथं वर्ष इथे चालणार आहे का, संशोधनासह ऑनर्सची परवानगी आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का, आणि ७.५ कसा मोजणार? ज्यांच्या हातात पदवी आहे त्यांनी नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवावं. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत पदवीधरांच्या १० जागा ठेवल्या आहेत. पुणे विद्यापीठात त्यांची मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, आणि मुदत पाच वर्षांची असते. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला हाच प्रश्न विचारावा.